तीन बोटांचं माप

पारशिवनीत कुठल्याही पानठेल्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की खर्रा घोटताना दिसतो. पन्नीवर सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना. पन्नी दुमडायची आणि सगळं एकजीव होईपर्यंत घासत राहायचं. मग पुडी खिशात जाते आणि खर्रा दिवसभर गालात. काही वर्षांनी त्याच माणसाला ठेचा सोसेनासा होतो, पुढे तोंडच पुरतं उघडत नाही. दातांचा डॉक्टर सांगतो, बोटं एकावर एक धरून तोंडात घाला. धडधाकट माणसाची तीन जातात. याची दोन, कधी एकच.

या दुखण्याचं नाव कुठून आलं ते ठाऊक आहे. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांत ते पाहिलं. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी इथल्या रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हटलं. अस्तराखाली तंतू साचतात आणि गाल आतून ताठ होतो. निबंध छापला तो आपल्याच इंडियन जर्नल ऑफ ओटोलॅरिंगॉलॉजीत. तेव्हापासून या रोगावर लिहायला बसणारा बहुधा पहिल्या परिच्छेदातच या दोघांचं नाव घेतो. यालाच सायटेशन म्हणायचं.

सायटेशन म्हणजे शाबासकी, असा सर्रास समज आहे. मला ती उसनवारीची नोंद वाटते: हे मी तुमच्याकडून घेतलं, त्यावर माझं उभं केलं. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून अशा नोंदींची सूचीच छापायला घेतली. २००५ साली हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. वीस निबंध प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेखले गेले, तर एच वीस. नेमणुका, बढत्या, अनुदानं या आकड्यावर तोलली जाऊ लागली. पण जगात सर्वाधिक उल्लेखलेल्या निबंधांत अग्रस्थानी कोण आहे? १९५१ साली लाउरी आणि सहकाऱ्यांनी सांगितलेली प्रथिनं मोजायची एक रीत, तीन लाखांहून अधिक वेळा. आकडा वापर मोजतो, आणि वापर मोजणं काही कमी महत्त्वाचं नाही. मात्र तो तेवढंच मोजतो.

कॅन्सर-संशोधक कमल रणदिवे यांचं उदाहरण घ्या. १९१७ साली पुण्यात जन्म, खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्याकडे. हेला पेशी ज्यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या, तेच हे गे. परतल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बाईंनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. कॅन्सर आणि कुष्ठरोगावर त्यांचे दोनशेहून अधिक निबंध आहेत, ते मोजता येतात. पण त्यांच्या प्रयोगशाळेत ज्याने बाटलीत पेशी जगवायला शिकून घेतलं, त्याने पुढे आयुष्यभर पेशी वाढवल्या तर तळटीपेत काय लिहावं? हाताला लागलेलं वळण कुठल्याच सूचीत येत नाही.

याच्याही पुढची एक अवस्था आहे. शोध इतका सगळ्यांचा होतो की नाव घेणंच थांबतं. जोशींच्याच १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा निबंध आला. आज डीएनए हा शब्द लिहिताना त्यांचा हवाला कोण देतं? प्रश्न मिटला. जोशींचा मिटलेला नाही. सुपारीतलं अरेकोलिन आणि तांबं तंतू कसे वाढवतात आणि घट्ट करतात, हे पुढच्यांनी शोधलं. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली. २०१३ मध्ये भारतीय संशोधकांच्या एका चमूने गाल-हिरडीच्या कॅन्सरमधली बिघडलेली जनुकं छापली. इतकं होऊनही १९५३ च्या त्या निबंधाचे उल्लेख येतच राहतात. त्यात जोशींचा मान आहेच. पण रोगी येत राहिले म्हणून निबंध येत राहिले, हे वाचताना मन खट्टू होतं.

म्हणून मी ठेल्यावर निबंधांबद्दल बोलत नाही, बोटं घालायला सांगतो. परवा एका पोराने हसत हसत घातली. तिसरं बोट दातांशी अडलं. त्याने पुन्हा करून पाहिलं, मग विचारलं, “हे पहिल्यासारखं होते का जी?” साचलेले तंतू सहसा विरत नाहीत, पण सुपारी सुटली तर आवळणं थांबू शकतं, तू नागपूरला दाखव, एवढं त्याला सांगितलं. खिशातली पुडी त्याने बाहेर काढली आणि बराच वेळ तशीच हातात धरून ठेवली.