नदीकाठची मोकळी जागा कोणाची?



पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की आपण सारे एकमेकांना एकच प्रश्न विचारतो, 'आयर्विनला किती फूट?' १९२९ साली बांधलेल्या त्या पुलापाशी ४५ फुटांवर धोक्याची पातळी आहे. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तेव्हा याहून मोठा पूर आपल्या हयातीत येणार नाही असे पुष्कळांना वाटले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरले. पाण्याचे हे आकडे आपल्याला तोंडपाठ आहेत. पण त्या पाण्याला पसरण्यासाठी जी जागा लागते, तिचे काय ठरले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ठरलेले असते, बरे का! पाटबंधारे खाते नदीच्या दोन्ही काठांसाठी नकाशावर दोन रेषा आखते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करू नये. बाग, खेळाचे मैदान, शेती असा मोकळा वापर चालेल, असा नियम आहे. म्हणजे कागदावर तरी हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमापर्यंत आपल्या नदीला हिरवा काठ आहे. प्रत्यक्षात त्या काठावर काय काय उभे आहे, ते पुलावरून जाता-येता आपण रोज पाहतो.

शहराचा विकास आराखडा तयार होतो तेव्हा १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे त्याचे प्रारूप प्रसिद्ध करावे लागते, हरकती व सूचना मागवाव्या लागतात, सुनावणी घ्यावी लागते. लोकसहभाग म्हणतात तो हाच. आता हरकत कोण घेतो? ज्याच्या प्लॉटवर बागेचे किंवा मैदानाचे आरक्षण पडले, तो घेतो. त्यात काही गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. आयुष्याची पुंजी घालून घेतलेली दोन गुंठे जागा नकाशावरच्या रंगात गडप होते, तेव्हा माणूस धावणारच. पण बागेच्या बाजूने अर्ज घेऊन कोण जातो? बाग कोणा एकाची नसते, म्हणून तिला वकील मिळत नाही. जे सर्वांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, हे अ‍ॅरिस्टॉटलने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. सेमिनरीत हे वाचले तेव्हा आम्हांला ते ग्रीक लोकांबद्दल आहे असे वाटले होते!

मग काठ सरसकट मोकळा करून तिथे उद्याने करावीत, असे कोणी म्हणेल. इथेच खरा नैतिक पेच आहे. पाणी चढू लागले की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या माणसांना सर्वांआधी भांडीकुंडी उचलावी लागतात. हौस म्हणून कोणी पुराच्या तोंडी राहत नाही. उंचावरची जागा परवडली नाही, म्हणून माणूस सखलात गेला. उद्या त्याला तिथून हलवून बाग केली आणि उंचावर राहणारे आपण संध्याकाळी तिथे फिरायला गेलो, तर नियम पाळला जाईल. न्याय झाला असे म्हणता येईल काय? आणि त्याला तिथेच राहू दिले, तर दर काही वर्षांनी त्याच्या लेकराबाळांचा जीव आपण टांगणीला लावतो. यातून सुटायचे तर त्या माणसाला नकाशा रंगवण्याच्या आधीच विचारले पाहिजे: कुठे गेलास तर तुझे काम, मुलांची शाळा, शेजार टिकेल? नकाशा छापून झाल्यावर विचारणे म्हणजे पंगत उठल्यावर जेवायचे आमंत्रण देण्यासारखे आहे.

असे विचारता येते का? आपल्याच जिल्ह्यात विचारले गेले आहे. खटावकडून येणारी येरळा कोरडी पडत होती आणि ठेकेदार तिची वाळू उपसून नेत होते. १९८० च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने वेगळीच योजना मांडली: थोडी वाळू गावाने स्वतः विकावी आणि त्या पैशातून बंधारा बांधावा. तसा बळीराजा बंधारा उभा राहिला. पण आम्हांला बंधाऱ्याहून मोठे वाटते ते त्यांचे पाणीवाटपाचे तत्त्व. जमीन नसलेल्यालाही पाण्यात वाटा! ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्यालाही नदीवर हक्क आहे, हे त्यांनी बंधारा बांधण्याआधी ठरवले.

हीच येरळा खाली ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. तिथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि माणसे बुडाली. वर दुष्काळ, खाली पूर, नदी एकच! साताऱ्याने धरणाचा विचार करायचा, सांगलीने पुलाचा आणि कर्नाटकाने अलमट्टीचा, अशी वाटणी नदी मानत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रात अशा योजनांच्या चर्चेत स्थानिक रहिवाशांना खास स्थान असावे असे आग्रहाने मांडले. मात्र स्थानिक कोण, हे नदीच्या बाबतीत ठरवणे सोपे नाही. महाबळेश्वरला पडलेला पाऊस आपल्या दारात येतो, तर तिथला माणूसही आपल्याला शेजारीच धरावा लागेल.

आराखड्याच्या जाहीर सूचना वर्तमानपत्रात बारीक टाइपात येतात आणि सुनावणी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत होते. धुणीभांडी करणारी बाई तिथे जाणार कशी? तोच नकाशा संध्याकाळी तिच्या गल्लीत नेऊन साध्या मराठीत समजावता येईल. आपल्या धर्मग्रामात सर्व्हेचे आणि बांधकामाचे काम जाणणारी मंडळी आहेत. निळी रेषा कुठून जाते हे ज्यांना नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल, त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्हांला भेटावे.