शून्य ते दहा

एक परिचारिका होती. कृष्णवर्णीय, अमेरिकेच्या दक्षिणेत अटलांटा शहरात लहानाची मोठी झालेली. चांगल्या पगाराची नोकरी मिळाली म्हणून ती उत्तरेकडच्या एका लहान गावात राहायला गेली. गावाभोवती मैलोन् मैल मक्याची शेतं होती. घर तिला दोन दिवसांत मिळालं, बँकेतलं खातं तासाभरात उघडलं. केस करून देणारं माणूस मिळायला मात्र सव्वा वर्ष लागलं.

तिचे केस दाट होते. एकेक केस स्प्रिंगसारखा वळत वळत वाढलेला. अशा केसांत टाळूचं तेल शेंड्यापर्यंत उतरत नाही, म्हणून ते कोरडे राहतात आणि चटकन तुटतात. ते ओले करून, बोटांनी मोकळे करून, मोठ्या दातांचा कंगवा शेंड्याकडून हळूहळू वर न्यावा लागतो. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आईच्या दोन गुडघ्यांमध्ये बसून बसून ते आपोआप कळलं होतं.

दर शनिवारी रात्री ती तिथं बसायची, कारण रविवारी चर्चला जायचं असे. आई गॅसच्या ज्योतीवर लोखंडी फणी तापवायची. टाळूला तेलकट मलम चोळलेलं असायचं. फणी जवळ आली की चर्र आवाज यायचा. ‘कान धर,’ आई म्हणायची, आणि ती कानाची पाळी दुमडून घट्ट धरायची. कधी मान हलली तर कंगव्याची पाठ डोक्यावर बसायची. ‘हलू नकोस. एवढंसं तर आहे. फारच हळव्या डोक्याची बाई तू!’ हळव्या डोक्याची म्हणवून घ्यायला त्या गल्लीतल्या एकाही मुलीला आवडत नसे. म्हणून तिनं हलणं सोडलं. दुखतं म्हणणंही सोडलं.

दहाव्या वर्षी केस सरळ करायचं मलम आलं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड असायचं, तुंबलेली मोरी मोकळी करायला घालतात तेच. पार्लरवाली म्हणायची, ‘आग व्हायला लागली की सांग.’ पण जितका वेळ मलम राहील तितके केस जास्त सरळ होतात, हे पार्लरवालीला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं आणि मुलीलाही ठाऊक होतं. ती मनात आकडे मोजत बसायची. घरी गेल्यावर टाळूवर खपल्या धरायच्या.

पुढची कित्येक वर्षं तिनं तेच केलं. मग 2022 साली सरकारी संशोधकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तेहतीस हजारांहून जास्त बायकांची माहिती त्यांनी जवळजवळ अकरा वर्षं ठेवली होती. अशी मलमं वारंवार वापरणाऱ्या बायकांना गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं होतं. तिनं घरातला डबा कचऱ्यात टाकला. सरळ झालेले केस कापून टाकले आणि स्वतःचे वाढू दिले. त्याच सुमारास ती त्या नव्या गावात आली.

पहिल्या पार्लरमधल्या मुलीनं आधी तिच्या केसांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘या केसांचं आमच्याकडे कोणी नाही,’ ती म्हणाली. मुलगी उद्धट नव्हती. उलट ओशाळलीच. परवान्यासाठी ती एका शाळेत हजारावर तास शिकली होती, पण तिथं सरावाला दिलेल्या बाहुल्यांचे केस सरळच होते.

दुसऱ्या पार्लरमधली बाई म्हणाली, ‘मी सगळे केस करते.’ तिनं कोरड्याच केसांत बारीक कंगवा मुळापासून घातला आणि खाली ओढला. कंगव्याचे दोन दात तुटले, केस किती तुटले त्याची मोजदाद नाही. मग तापलेल्या चिमट्यात धरून तिनं ते सरळ केले. जळका वास आला. शेवटी ‘केस फार दाट आहेत’ म्हणून वीस डॉलर जास्त लावले. मध्ये एकदा तिनं विचारलं होतं, ‘ठीक आहे ना?’ परिचारिका म्हणाली होती, ‘हो, ठीक आहे.’ तिनं वर बक्षिसीही दिली. गाडीत बसल्यावर दहा मिनिटं तिला किल्ली फिरवता आली नाही.

आपल्या माणसांकडे जावं, असं तिनं ठरवलं. दोन तासांवरच्या शहरात एक काळी तरुणी वेण्या घालायची. तिचे नियम फोनवरच आले. पन्नास डॉलर ॲडव्हान्स, तो परत मिळणार नाही. केस धुऊन, वाळवून, मोकळे करून यायचं. सोबत कोणाला आणायचं नाही. पंधरा मिनिटं उशीर झाला तर वेळ गेली. नियम कडक होते, पण बिचारीला वेळ घेऊन न येणाऱ्या गिऱ्हाइकांनी पुष्कळ फसवलं असणार. परिचारिका दहाच्या ठोक्याला पोचली. तरुणी अकराला आली. एकाच वेळी तीन डोकी घेऊन बसली, मध्ये फोनवर बोलली, मध्ये जेवली. वेण्या मात्र अशा सुबक घातल्या की बघत राहावं. आपल्याकडे गंगावन घालायचे तसे आयते केस प्रत्येक पेडात गुंफलेले, भांग पट्टीनं आखल्यासारखे.  

त्या रात्री परिचारिकेला उशीवर डोकं टेकता आलं नाही. कपाळाच्या कडेला बारीक पुळ्या आल्या. वेदनाशामक गोळी घेऊन ती बसूनच झोपली. सकाळी दवाखान्यात सगळे म्हणाले, ‘वा, किती छान!’ एका डॉक्टरीणबाईंनी न विचारता वेणी हातात घेऊन पाहिली. दोन महिन्यांनी ती पुन्हा त्याच तरुणीकडे गेली, मग आणखी एकदा. दुसरीकडे जाणार कुठं? वर्ष सरत आलं तेव्हा आरशात तिला कानशिलांवरची कातडी दिसू लागली.

एके दिवशी वॉर्डात एका आजोबांना भेटायला त्यांची नात आली. तिच्या डोक्यावर बारीक, सैल, मऊ वेण्या होत्या, आणि कपाळाच्या कडेचे केस लहान बाळाच्या जावळासारखे शाबूत होते. परिचारिकेनं रक्तदाबाचा पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारलं, ‘वेण्या कोणी घातल्या?’

मुलीनं पत्ता दिला. गावाच्या टोकाला मांसाचा कारखाना होता, तिथं आफ्रिकेतून आलेले बरेच लोक कामाला होते. त्यांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत सेनेगलची एक साठीतली बाई वेण्या घालायची. सगळे तिला ताता म्हणत. फ्रेंचमध्ये मावशीला तशी हाक मारतात.

खोलीत दोन खुर्च्या होत्या, केसांना लावायच्या, शियाच्या बियांच्या लोण्याचा डबा होता आणि भिंतीवर एका बाईचं जुनं छायाचित्र होतं. परिचारिकेनं ते ओळखलं. मॅडम सी. जे. वॉकर. 1867 साली लुइझियानात कापसाच्या मळ्यावर जन्मलेली, दुसऱ्यांचे कपडे धुऊन पोट भरणारी बाई. तिचे स्वतःचेच केस गळायला लागले, तेव्हा ती औषधांच्या मागे लागली, आणि त्यातून तिनं हजारो काळ्या बायकांना रोजगार देणारा धंदा उभा केला.

ताता मानेपासून सुरुवात करत वर आली. पहिली ओळ झाल्यावर थांबली. ‘दुखतंय?’

‘नाही,’ परिचारिका म्हणाली.

ताता पुढे गेली नाही. समोर आली आणि तिनं तिच्या भुवईजवळ बोट ठेवलं. मग काही न बोलता मागे जाऊन शेवटची वेणी उलगडायला लागली.

‘अहो, कशाला? खरंच दुखत नाहीये.’

‘भुवई वर ओढली गेलीय, पोरी. तोंड नाही म्हणतं, भुवई हो म्हणते. मी कोणाचं ऐकू?’

परिचारिकेला हसू आलं. ‘आम्ही दवाखान्यात आकड्यात विचारतो. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही.’

‘मग सांग आकडा.’

ती गप्प झाली. रोज वीस जणांना ती हा प्रश्न विचारायची. तिला तो कोणी विचारला नव्हता. ‘सहा,’ ती म्हणाली.

ताताने वेणी पुन्हा घातली, जरा सैल. ‘आता?’ ‘तीन.’ पुन्हा उलगडली. ‘आता?’

‘शून्य.’

काम सुरू झालं. हात चालता चालता ताता मोडक्या इंग्रजीत बोलत राहिली. ती बरीच वर्षं न्यूयॉर्कमध्ये, हार्लेमच्या 125 व्या रस्त्यावरच्या एका दुकानात होती. ‘घट्ट घातली की वेणी जास्त दिवस टिकते. मालकीण खूश, गिऱ्हाईक खूश. मीही ओढायचे. हे हात ओढायचे.’ मग एक आठ वर्षांची मुलगी यायला लागली. कधी रडली नाही. सगळे म्हणायचे, किती गुणाची पोर. एकदा ती आली तेव्हा तिच्या दोन्ही कानशिलांवर केसच नव्हते. ‘माझ्या हातांनी गेले ते. तेव्हापासून मी विचारते.’

कानशिलांपाशी आल्यावर ताता थांबली. ‘इथले वेणीत घेत नाही. यांना सहा महिने सुट्टी.’

सात तास लागले. पैसे तरुणीपेक्षा कमी घेतले, असं मात्र नाही. चार डॉलर जास्तच घेतले. परिचारिका घरी गेली आणि कुशीवर वळून झोपली.

ताताचे हात कसबी होते, यात वाद नाही. पण कसब त्या शहरातल्या तरुणीकडेही होतं, कदाचित कांकणभर जास्तच. आणि ‘ठीक आहे ना?’ हा प्रश्नही परिचारिकेला याआधी विचारला गेला होता, ‘आग झाली की सांग’ हेही सांगितलं गेलं होतं. सगळ्यांना तिचं ‘नाही’ सोयीचं होतं. ते ऐकून काम पुढे सरकत होतं. ज्या बाईला लहानपणापासून न हलण्याबद्दल शाबासकी मिळाली, तिच्या ‘नाही’वर विश्वास न ठेवणारं माणूस तिला चाळिशीत भेटलं, किराणा दुकानाच्या मागे.

सोमवारी ती कामावर गेली. सात नंबरच्या खाटेवर शस्त्रक्रिया झालेली एक काळी म्हातारी होती. रात्रपाळीच्या कागदावर तिच्या नावापुढे चार वेळा शून्य लिहिलं होतं. परिचारिकेनं विचारलं, ‘आजी, किती दुखतंय? शून्य ते दहा.’

‘नाही गं बाई, काही नाही. तुम्हाला कामं असतील.’

परिचारिकेनं पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं. म्हातारीच्या हाताकडे पाहिलं. खाटेची कड तिनं मुठीत धरली होती, पूर्वी कानाची पाळी धरत असेल तशी. परिचारिकेनं स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसली.

‘मला घाई नाहीये,’ ती म्हणाली. ‘पुन्हा विचारते.’

म्हातारीनं बराच वेळ तिच्या वेण्यांकडे पाहिलं. मग मूठ सैल केली.

‘आठ,’ ती म्हणाली.