गोदीच्या जमिनीचा धनी कोण?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील ओस पडलेल्या वखारींचें पुढें काय करावें, हा प्रश्न नगररचनाकारांचा आहे असें आपण मानतों. वस्तीला पिवळा रंग, व्यापाराला निळा, उद्यानाला हिरवा. नकाशा रंगविला कीं काम संपलें! परंतु हे रंग भरणें म्हणजे एक प्रकारचें न्यायदानच होय, आणि न्यायाधीशानें आधीं वादी कोण हें पाहिलें पाहिजे.

१८७३ सालीं येथें पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० मध्यें प्रिन्सेस, १८८८ मध्यें व्हिक्टोरिया व १९१४ मध्यें अलेक्झांड्रा अशा गोद्या झाल्या. आसपासची पुष्कळशी जमीन समुद्र हटवून मिळविलेली. ती कोणाच्या पूर्वजांनीं नांगरलेली नाहीं. तिच्याभोंवतीं भिंती उठल्या आणि माझगांव-शिवडीच्या रहिवाशाला शेजारचा समुद्र दिसेनासा झाला. व्यापारासाठीं शहरानें हें सोसलें. पुढें १९८९ सालीं खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालें व मालाचा ओघ तिकडे वळला. ज्या कारणासाठीं समुद्र अडविला तें कारणच जेथें उरलें नाहीं, तेथें अडवणुकीचा हक्क तरी कसा उरावा? ट्रस्ट म्हणजे ठेव. २०२१ च्या कायद्यानें तो शब्द जाऊन ‘प्राधिकरण’ आलें. पण नांव बदलल्यानें ठेव परत करण्याचें ऋण फिटत नाहीं.

गिरण्यांच्या जमिनींचा अनुभव ताजा आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या. १९९१ च्या नियमानें जमिनीचे तीन वांटे ठरले: एक मोकळ्या जागेसाठीं, एक सामान्यांच्या घरांसाठीं, एक मालकाचा. २००१ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन ही वांटणी मुळांतच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीची बहुतेक जमीन इमारतींखालीं. तेव्हां लोकांच्या वांट्याला काय आलें असेल तें वाचकांनींच ताडावें. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही दुरुस्ती ग्राह्य ठरविली. कायदा पाळला गेला, एवढें खरें.

माझ्या मतें कसोटी साधी आहे: पाण्यावांचून ज्याचें चालत नाहीं, त्याचा मान पहिला. कचेरी कोठेंही थाटतां येते. कोळ्याचें गलबत मात्र कोरड्या जमिनीवर लागत नाहीं. भाऊच्या धक्क्यावरील मासळी व रेवसची लाँच यांना आधीं जागा हवी. त्यामागून सर्वांना फिरतां येईल असा अखंड किनारा. आणि दारूखान्यांत जहाजें मोडून पोट भरणाऱ्यांना हुसकून तेथें फुलझाडें लावणें, याला मी सुधारणा म्हणणार नाहीं. त्यांची घरें तेथेंच व्हावींत.

बंदराला हजारों निवृत्त कामगारांचें पेन्शन द्यावयाचें आहे, हा आक्षेप खोटा नव्हे. तेवढ्यापुरती कांहीं जागा अवश्य भाड्यानें द्यावी, विकूं नये. भाडेपट्ट्याची मुदत सरते, आणि तेव्हां जे असतील त्यांना आपला नकाशा नव्यानें रंगवितां येतो.