ऐब, अमानत आणि खेळाची बातमी

दुसऱ्याचे ऐब शोधत फिरू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. कुरआनच्या 'अल-हुजुरात' या सूरेत संशय, तजस्सुस आणि गीबत या तिन्हींची एकत्रच मनाई आहे. मग शहरातल्या वर्तमानपत्रात क्रीडा विभागात शोधपत्रकारिता करणाऱ्याचे काय? खेळाडूंचे पैसे, फोन, भेटीगाठी यांचा माग काढणे हाच त्याचा व्यवसाय. ईमान राखून तो आयुष्यभर करता येईल काय?

दौंड तालुक्यात मुळा-मुठा आणि भीमा यांच्यामधल्या राहू बेटात हा प्रश्न परका वाटू नये. या भागातल्या जत्रांत कुस्त्यांचा आखाडा भरतो, इनाम गावाच्या वर्गणीतून येते. दोघांनी आधीच ठरवून नूरा कुस्ती केली, तर कडेला बसलेला म्हातारासुद्धा ते ओळखतो. आरडाओरडा होतो, इनाम अडते. पैलवानाचे ऐब झाका, असे तिथे कुणी म्हणत नाही. कारण पैसा गावाचा असतो आणि विश्वासही. मोठ्या खेळात मात्र सौदा हॉटेलच्या खोलीत होतो आणि आपण टीव्हीसमोर बसलेले असतो. आखाड्याच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्याचे काम तिथे पत्रकाराला करावे लागते.

ते कुठवर करावे? हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात. एकदा रात्री भिंत ओलांडून त्यांनी एका घरातला गुन्हा पकडला. घरमालक म्हणाला, मी एक गुन्हा केला, आपण तीन केलेत : हेरगिरी केलीत, दरवाजा सोडून आलात आणि परवानगी घेतली नाहीत. उमर निमूट परतले. परंतु हेच उमर सुभेदार नेमताना त्याच्या मालमत्तेची नोंद घेत आणि पुढे वाढ दिसली की जाब विचारत. भिंतीआडचे जगणे त्या माणसाचे. हाती सोपवलेला अधिकार ही लोकांची अमानत. शोधपत्रकाराची हद्द इथेच आखली जाते.

ती पाळणे किती अवघड, हे क्रिकेटच्या सामनेनिश्चिती प्रकरणात दिसले. 1997 मध्ये मनोज प्रभाकरने 'आउटलुक' साप्ताहिकातून आरोप केला की, 1994 साली श्रीलंकेत खराब खेळण्यासाठी एका सहकाऱ्याने आपल्याला 25 लाख रुपये देऊ केले होते. माजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या चौकशीत काही निष्पन्न झाले नाही. 7 एप्रिल 2000 रोजी दिल्ली पोलिसांनी हान्सी क्रोनिएचे संभाषण उघड केले, तेव्हा या पत्रकारितेचे मोल पटले. पुढे 'तहलका'साठी अनिरुद्ध बहल यांनी प्रभाकरच्या अंगावर छुपा कॅमेरा देऊन त्याला जुन्या सहकाऱ्यांकडे पाठवले. प्रभाकरने कपिल देवचे नाव घेतले. सीबीआयला त्याच्याविरुद्ध विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही. आणि डिसेंबर 2000 मध्ये खुद्द प्रभाकरवर पाच वर्षांची बंदी आली. बातमी आणणाऱ्याचीही पारख करावी, ही 'अल-हुजुरात'मधलीच आज्ञा आहे. मैत्रीच्या नावाने दारात आलेला छुपा कॅमेरा मला तरी त्या ओलांडलेल्या भिंतीसारखाच वाटतो.

त्याच डिसेंबरात मोहम्मद अझरुद्दीनवर आजीवन बंदी आली. त्याला मुसलमान म्हणून गोवले, असा सूर आपल्यातून निघाला. बाहेर काहींनी त्याच नावावरून साऱ्या समाजाकडे बोट दाखवले. दोघांनीही पुरावा पाहिला नाही. 2012 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली. बारा वर्षे एक माणूस दोन्ही बाजूंच्या सोयीचा विषय झाला होता.

2023 च्या जानेवारीत पुण्यात तेच घडले. महाराष्ट्र केसरीत महेंद्र गायकवाडच्या डावाला चार गुण मिळाले आणि सिकंदर शेख हरला. मुद्दा तांत्रिक होता : पाठ धोक्याच्या स्थितीत गेली की नाही? पण धर्मावरून चर्चा पेटली, पंचाला धमकीचा फोन गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, राहूपासून फार लांब नसलेल्या फुलगावात, सिकंदरने शिवराज राक्षेला हरवून गदा जिंकली. त्या विजयाने जानेवारीचा निकाल चूक ठरत नाही आणि बरोबरही ठरत नाही. त्यासाठी चित्रफीत पुन्हा पाहावी लागते, नियम वाचावा लागतो, पंचाचेही ऐकावे लागते.

हे काम मुसलमान पत्रकाराने केले आणि निष्कर्ष सिकंदरच्या विरुद्ध निघाला, तर आपण त्याला गद्दार म्हणू काय? 'अन-निसा' या सूरेत साक्ष स्वतःविरुद्ध आणि आप्तांविरुद्ध गेली तरी इन्साफ सोडू नये, असा आदेश आहे. आपल्यावर अन्याय झाला असे आपण म्हणतो, तेव्हा जगाने ऐकावे अशी आपली अपेक्षा असते. ते ऐकले जाण्यासाठी आपल्यातल्या कुणाची तरी साक्ष याआधी आपल्याविरुद्धही खरी ठरलेली असावी लागते. तशी साक्ष देणाऱ्याला आपण घरात, मोहल्ल्यात जागा ठेवतो का, याचे उत्तर पत्रकाराने नव्हे, आपण द्यायचे आहे.