लगाम सोडण्याची वेळ

हे मनन घाईने वाचू नका. एक परिच्छेद झाला की थांबा, श्वास पूर्ण सोडा, मग पुढचा घ्या.

मनाने इंग्लंडमधल्या लेस्टरशरला चला. मेल्टन मोब्रे गावाच्या आसपास क्वॉर्न, बीव्हर आणि कॉट्समोर या तीन जुन्या हंटांच्या, म्हणजे घोडेस्वार शिकारी मंडळांच्या, हद्दी एकमेकींना भिडतात. नोव्हेंबर लागला आहे, मुख्य हंगाम सुरू झाला आहे. कुरणे ओली आहेत, शेताशेतांमध्ये काटेरी झुडपांची कुंपणे उभी आहेत. 18 फेब्रुवारी 2005 पासून इथे कुत्र्यांच्या झुंडीने कोल्ह्याची शिकार करायला कायद्याने बंदी आहे. झुंड सोडायची ती माणसाने आधीच घालून ठेवलेल्या वासाच्या मागावर. घोड्याला हा कायदा ठाऊक नाही. त्याला शिंगाचा आवाज कळतो, कुत्र्यांचा गलका कळतो, आणि पुढचे घोडे धावू लागले की आपण मागे राहायचे नाही, एवढे कळते. तो कळपातला प्राणी आहे. मागे राहणाऱ्याला भक्षक गाठतो, हे त्याच्या रक्तात आहे.

तुम्ही अशाच एका घोड्यावर मांड टाकून बसला आहात. त्याचे वजन 500 ते 600 किलो. तुमचे किती, ते मनातल्या मनात आठवा. आता एक गोष्ट शांतपणे मान्य करा: ताकदीच्या झटापटीत हा घोडा जिंकणार. आज जिंकेल, उद्याही जिंकेल. हे मान्य करताना मन खट्टू झाले, तर होऊ द्या. पण मान्य करा. खांदे जरा खाली येतील.

आता घोड्याकडे पाहा. झुंड अजून झाडीत आहे, सगळे स्वार ओळीने उभे आहेत. त्याचे कान ताठ पुढे रोखलेले आहेत. मान खांद्यापाशी घामाने ओली झाली आहे, अजून एक पाऊल धावणे झालेले नसताना. तो खूर आपटतो, तोंडातली कडी चावतो, फुरफुरतो. तुमच्या पोटरीखाली त्याच्या बरगड्या भराभर हलताहेत. विश्रांतीच्या वेळी घोड्याचे हृदय मिनिटाला 30 ते 40 ठोके देते. भरधाव पळताना तेच 200 च्या वर जाते. ती चढण इथेच, उभ्या जागी सुरू झाली आहे.

तुमचे हृदय काय करते आहे, तेही पाहा. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोडा ठरलेल्या वाटेवरून काही वेळा न्यायचा. कुणी लगाम धरून, कुणी वर बसून. शेवटच्या खेपेला त्यांना सांगितले, आता घोडा जवळून जाताना छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीची खबर कुणी दिली नव्हती; ती त्यांना माणसाकडून पोचली.

तेव्हा घोड्याला शांत करण्याआधी एक श्वास स्वतःसाठी घ्या. घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. श्वास सोडताना कंबर मऊ होते, बैठक खोगिरात खोल बसते, टाच आपोआप खाली जाते. घोड्याला हे पाठीवर कळते. त्याचा एक कान क्षणभर मागे वळेल. तो तुमच्याकडे वळलेला कान आहे. तुमचे बोलणे इथून सुरू झाले.

आता हाताकडे या. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये एक मोकळी जागा असते. तिथे दात नसतात, हाडावर हिरडीचा पातळ थर असतो. लगामाची कडी जिभेवर आणि त्या नाजूक जागेवर टेकते. तिथे सतत दाब पडला की आधी दुखते, मग बधिर होते. बधिर तोंडावर घोडा आपल्या मानेचा सगळा भार टाकतो आणि धावू लागतो. त्याला आता पाचवा पाय मिळाला आहे, आणि तो पाय तुमचा हात आहे. तुम्ही जितके ओढाल तितका त्याला आधार पक्का.

इथे थांबा आणि हा विचार नीट आत जाऊ द्या. ओढण्यासाठी दोघे लागतात. तुमचा हात ओढत नसेल तर घोड्याला ओढायला काही उरत नाही.

झुंड झाडीतून बाहेर पडली. शिंग वाजले, स्वारांचा म्होरक्या, म्हणजे फील्ड मास्टर, निघाला. घोडा उसळी घेतो. पहिला मोह होतो लगाम आवळून धरण्याचा. त्याऐवजी दोन्ही लगाम दोन्ही मुठींत घ्या, म्हणजे मुठींच्या मध्ये लगामाची दुहेरी पट्टी होते. ही पट्टी घोड्याच्या मानेवर, खांद्यांच्या जरा पुढे, आडवी टेकवा. आता त्याने तोंड पुढे खेचले की पट्टी त्याच्याच मानेत रुतते. ओढाताण त्याची त्याच्याशी होते. तुमचे हात, तुमची पाठ त्यातून सुटते.

मग धावेच्या लयीत बोला. चौखूर धावताना घोड्याचा श्वास पावलाला बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. त्या लयीत पाठ जराशी ताठ करा, मुठी मिटा, धरा. आणि लगेच सोडा. तो ऐको न ऐको, सोडा. पुन्हा धरा, पुन्हा सोडा. धरणे हा प्रश्न आहे; सोडले तरच घोड्याला उत्तर द्यायला जागा मिळते. त्याने झेप एवढीशी आखूड केली, तरी तुमच्या हाताने ती ओळखली पाहिजे आणि त्याच क्षणी मऊ झाले पाहिजे. घोडा शिकतो तो त्या मऊपणातून. म्हणून कसबी स्वार पेल्हम नावाच्या कडीला लगामाच्या दोन जोड्या लावतात. हनुवटीखालची साखळी आवळणारा लगाम ते गरजेपुरता वापरतात आणि काम होताच ढिला करतात. घोडा उधळलाच, तर एक मूठ आयाळीत रोवायची आणि दुसऱ्या हाताने लगाम वर आणि मागे घ्यायचा. तिथेही घोडा मंदावल्याबरोबर हात सैल करायचा असतो. आणीबाणीच्या या उपायाचाही शेवट सोडण्यातच आहे.

झेनोफन हा ग्रीक स्वार, सेनानी आणि शिकारी. घोडेस्वारीवर त्याने लिहिलेला ग्रंथ सुमारे 2,400 वर्षांपूर्वीचा. त्यात तो तेजतर्रार घोड्याबद्दल सांगतो की घोड्याची ही ऊर्मी म्हणजे माणसातला राग. माणसाला कठोर बोललो नाही, कठोर वागलो नाही, तर त्याचा राग चेतत नाही, घोड्याचेही तसेच. लांबवर वेगाने पळवून दमवला की असा घोडा ताळ्यावर येईल, ही समजूतही तो खोडून काढतो. मेल्टनच्या ओल्या कुरणात हा सल्ला आजही तंतोतंत लागू पडतो. दमलेला पण भडकलेला घोडा कुंपणासमोर अंतर चुकतो आणि स्वाराला घेऊन कोसळतो.

झुंडीने वास हरवला, सगळे थांबले. धावणाऱ्या घोड्यापेक्षा थांबवलेला घोडा अवघड. त्याला ताटकळत उभा करू नका. बाजूला नेऊन सावकाश, रुंद वर्तुळात चालवा. गर्दीच्या मधोमध राहू नका. मोकळी बाजू निवडा, फील्ड मास्टरच्या पुढे मात्र कधीच जाऊ नका. कुत्री जवळून गेली तर घोड्याचे तोंड त्यांच्याकडे वळवा, म्हणजे मागची लाथ त्यांना लागणार नाही. घोडा लाथ मारणारा असेल तर शेपटीला लाल फीत बांधून सगळ्यांना सावध करा. घोड्यावर ताबा असणे म्हणजे शेजारच्या तट्टावर बसलेले पोर सुखरूप घरी जाणे.

आता मन स्वतःकडे वळवा. तुमच्या आयुष्यात तुमच्याहून बलवान असे काय आहे? एखादा राग असेल, एखादी भीती, एखादी हौस. तिला तुम्ही आवळून धरले आहे का? किती दिवस? आवळून हात बधिर झाले असतील, आणि तीही तुमच्याच आधाराने धावत असेल. एकदा मुठी मिटा, एकदा उघडा. काय बदलते ते पाहा. ओढ जाणार नाही. ती जायला नकोही, कारण घोडा कुंपणावरून झेपावतो तो त्याच ओढीने.

ज्यांना खरोखर अशा घोड्यावर बसायचे आहे, त्यांना एवढेच सांगणे: धरून सोडण्याचा सराव घरच्या मैदानावर, एकट्याने, संथ चालीत करा. गलक्यात नवे काही शिकता येत नाही, शिकलेले तेवढे कामी येते. पहिल्या दिवशी तासाभराने परत फिरा. घोडा शांत असतानाच फिरा. आणि हा घोडा आपल्या हाताबाहेरचा आहे असे दिसले, तर तो अधिक जाणत्या स्वाराच्या हाती द्या. त्यात कमीपणा काही नाही, आणि घोड्याचे भलेही त्यातच आहे.