भिडू, संकेत आणि अर्थनिर्णय

ब्रिजच्या खेळात भिडूशी बोलण्यासाठी खेळाडूला अवघे 38 उच्चार उपलब्ध असतात : 35 बोली, आणि पास, डबल व रीडबल. उलट त्याच्या हाती येऊ शकणाऱ्या तेरा पानांच्या जुळण्या 63 हजार 501 कोटींहून अधिक भरतात. इतक्या तुटपुंज्या शब्दसंग्रहावर एवढा आशय लादला गेल्यावर अनेकार्थता या भाषेच्या पाचवीलाच पुजलेली असणार. प्रश्न उरतो तो संदिग्ध बोलीचा अर्थ ठरवण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो ठरवताना भिडूप्रत कोणते ऋण मान्य करावे लागते, हा.

प्रतिस्पर्ध्याने पहिल्याच बोलीत ‘चार इस्पिक’ जाहीर केले आणि भिडूने ‘डबल’ म्हटले, अशी स्थिती घ्यावी. ‘यांचा डाव फसणार, तू पास दे,’ हा एक अर्थ. ‘उरलेल्या तिन्ही रंगांत माझे बळ आहे, तुझा लांब रंग सांग,’ हा दुसरा. जुन्या पद्धतीत पहिला रूढ होता. पुढे अनेक जोड्या दुसऱ्याकडे झुकल्या. पूर्वसंकेत निश्चित नसेल तर समोरचा खेळाडू बहुधा स्वतःच्या पानांकडे पाहतो. बदामाची सहा पाने हाती असली की भिडू आपल्याला बोलावयास सांगतो आहे, अशी त्याची खात्री पटू लागते. स्वतःची पाने पाहणे गैर नाही. भिडूजवळ काय असू शकेल याचा तो पुरावाच आहे. परंतु पुराव्याच्या वाटेने इच्छा आत शिरते, आणि आपल्याला हवा असलेला अर्थ भिडूच्या तोंडी घातला जातो. संहितेच्या वाचनात हे नेहमी घडते. तेथे गुण मोजले जात नाहीत, एवढेच.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त व्यंग्यार्थाच्या प्रतीतीला साहाय्यक म्हणून वक्ता, बोद्धव्य, काकू, प्रस्ताव, देश, काल इत्यादी विशेष सांगितले आहेत. ब्रिजचे नियम यांतील काकू नेमकी वर्ज्य ठरवतात. भिडूचा स्वर, त्याचे अडखळणे, त्याने घेतलेला वेळ यांचा आधार घेणे निषिद्ध आहे. बोली तोंडाने न उच्चारता कार्डाने दाखवण्याची पद्धत त्यासाठीच रुळली, आणि 1975 पासून जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यात भिडूंच्या मध्ये पडदा आला. शिवाय दोघांतील संकेत प्रतिस्पर्ध्याने विचारल्यास उघड करावा लागतो. उघड करायचा तो संकेत. हातातली पाने नव्हेत. भिडूने चुकून भलतीच बोली दिली असली तरी प्रतिस्पर्ध्याचा हक्क ठरलेल्या अर्थावरच असतो. विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी 1946 साली लेखकाच्या हेतूविषयी जो आक्षेप घेतला, तो येथे नियम म्हणून पाळला जातो, आणि कोणाला त्यात काही क्रांतिकारक वाटत नाही.

डाव संपल्यावर भिडूला निदान विचारता तरी येते. ज्याला विचारताच येत नाही अशा भिडूचे काय? अजिंठ्याच्या लेणे क्रमांक 1 मधील एका भित्तिचित्रात सिंहासनस्थ राजापुढे टोकदार टोप्या घातलेले परदेशी पुरुष भेटी घेऊन आलेले दिसतात. जेम्स फर्ग्युसन यांनी 1879 साली हा दुसऱ्या पुलकेशीचा दरबार आणि दुसऱ्या खुस्रोची वकिलात असल्याचे प्रतिपादन केले. या दोन राजांमधील संपर्काचा उल्लेख अरबीत लिहिणारा इतिहासकार तबरी याच्याकडे आढळतो. फर्ग्युसन यांच्या हाती हे पान होते, आणि चित्र त्याला साजेसे उत्तर देत होते. पुढे डीटर श्लिंगलॉफ यांनी त्याच चित्राचा संबंध महासुदर्शनाच्या कथेशी जोडला. वॉल्टर स्पिंक यांनी तर लेण्याचा काळच वाकाटक हरिषेणाच्या कारकिर्दीत, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात नेला. तो स्वीकारला तर पुलकेशीचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता.

श्लिंगलॉफ यांचे वाचन अधिक ग्राह्य वाटते, ते ते संकेताकडे वळले म्हणून. विहाराच्या भिंतीवर काय रंगवले जाते, कथेतील प्रसंग कोणत्या खुणांनी ओळखायचा, हा चित्रकार आणि त्याचा प्रेक्षक यांच्यातील करार होता, आणि बौद्ध ग्रंथांत तो आजही तपासता येतो. प्रतिपक्षापुढे मांडता येईल असा अर्थ हाच. फर्ग्युसन यांचा पुरावाही उघडच होता, त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. पण तो त्यांच्या हातातला होता, भिडूशी ठरलेला नव्हता.

तरीही त्या टोप्या उरतातच. महासुदर्शनाच्या कथेला इराण्यांची गरज नाही. असे चेहरे आणि असे वेष चित्रकाराच्या परिचयाचे असल्याखेरीज ते भिंतीवर येते ना. म्हणजे करारात न बसणारे काहीतरी त्याच्या हातून पानासारखे निसटून दिसलेच, आणि फर्ग्युसन यांची नजर चुकीच्या वाटेने का होईना, नेमकी तेथे गेली होती.

ब्रिजमध्ये चुकीच्या वाचनाचा दंड दोघांच्या खाती सारखाच पडतो; संदिग्ध बोलणारा आणि भलते समजणारा एकाच गुणसंख्येने उठतात. अजिंठ्याच्या चित्रकाराला हा न्याय मिळालेला नाही. त्याचे चित्र आजही अवतरणचिन्हांत का होईना, ‘इराणी वकिलात’ याच नावाने ओळखले जाते.