आधी कान, मग तक्रार

हेडफोन काढ. खुर्ची इकडे वळव आणि माझं बोलणं संपेपर्यंत माउसला हात लावू नकोस.

ड्रमच्या सॅम्पल लायब्ररीच्या विक्रेत्याला धाडायचं म्हणून लिहिलेलं पत्र मी वाचलं. 'डेमोत एक ऐकवता आणि पदरात दुसरंच टाकता, ही उघड फसवणूक आहे, पैसे परत करा.' भाषा झणझणीत आहे. पण पुरावा कुठं आहे? डेमो ऐकलास, त्याच नावाचा प्रीसेट उघडलास, किबोर्डवर चार बोटं आपटलीस, तसं वाजलं नाही म्हणून समोरच्याला चोर ठरवून मोकळा झालास. मग रात्र रात्र जागून एकेक प्रीसेट उघडून बघत बसलास. त्यातही भागलं नाही, तेव्हा बापाच्या पैशानं दुसरी लायब्ररी घेतलीस. आता तिचाही डेमो खोटा! अरे, दोन दुकानदार एकाच तऱ्हेनं खोटे कसे निघाले, हा प्रश्न तुला एकदाही पडला नाही?

काल तू गेल्यावर मी तुझं सेशन उघडून बसलो. काय दिसलं ते सांगतो, आणि तू ते मान खाली न घालता ऐकायचंस.

पहिली गोष्ट, आवाजाची पातळी. डेमो तू ब्राउझरमधून लावलास. तो मास्टर केलेला, लिमिटरखाली दाबून वर आणलेला आवाज. तुझा ड्रम कच्चा, त्याच्यापेक्षा आठ-दहा डेसिबल खाली. आणि निष्कर्ष काढलास की यात 'दम नाही', 'खालचा भाग नाही'. बेल लॅबोरेटरीच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलंय की आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खर्जाचा भाग आणखीनच कमी ऐकू येतो. पहिल्या सत्रात तो आलेख मी फळ्यावर काढला होता. तुझ्या वहीत तो आहे, मी बघितलाय. वहीत आहे आणि कानात नाही, तर ती वही कशाला भरलीस? दोन आवाज ताडून बघायचे तर आधी त्यांची पातळी एक करायची. हे न करता तू जे जे मत बनवलंस ते सगळं रद्द.

दुसरी गोष्ट, व्हेलॉसिटी. मिडीत एका ठोक्याचा जोर सांगायला १ ते १२७ एवढ्या पायऱ्या असतात. तुझ्या स्नेअरच्या ओळीत मला सगळ्या काठ्या एकाच उंचीच्या दिसल्या. प्रत्येक ठोका १२७. पहिल्या मात्रेपासून शेवटापर्यंत एकाही ठोक्याला श्वास नाही. ज्यानं ही लायब्ररी बनवली त्यानं तोच स्नेअर हलका, मध्यम, जोरात असा कितीतरी थरांत वाजवून घेतलाय. तू त्यातला सगळ्यात वरचा एकच थर वापरलास आणि बाकीचे डिस्कवर धूळ खात ठेवलेस. डेमोत दोन मोठ्या ठोक्यांच्या मध्ये जे बारीक कुजबुजणारे ठोके ऐकू येतात ते वीस-तीसच्या जोरानं वाजवलेले असतात. ते काढून टाकले तर तोच स्नेअर, तोच माइक, तोच प्रीसेट असूनही आवाज मेलेला वाटेल. हाय-हॅटचंही तेच. खऱ्या वादकाचा पाय पेडलवर सारखा खाली-वर होत असतो, झांज अर्धी उघडते, पाव मिटते. तुझ्याकडं फक्त उघडी आणि बंद. मधलं काहीच नाही.

तिसरी गोष्ट बघून तर मी कपाळाला हात लावला. कॉम्प्युटर अडखळतोय म्हणून तू रूम माइकचे चॅनल बंद करून ठेवलेस! डेमोतली जी भव्यता तुला हवी आहे ती त्या खोलीत आहे, बाबा. उदाहरण घे, सुपीरियर ड्रमर ३ ही लायब्ररी २०१७ साली आली. त्यातले मूळ आवाज २३० जीबीहून अधिक. ते ध्वनिमुद्रित करायला जॉर्ज मॅसनबर्ग बसले होते. पॅरामेट्रिक इक्वलायझरवरचा निबंध १९७२ साली मांडणारे तेच हे गृहस्थ. आणि त्यासाठी जागा निवडली बेल्जियममधल्या गॅलॅक्सी स्टुडिओची. ड्रम तर कुठंही वाजवता आला असता. एवढ्या लांबची जागा धरली ती तिथल्या हवेसाठी, भिंतीवर आपटून परत येणाऱ्या आवाजासाठी. तुझी लायब्ररी वेगळी असेल, पण धंदा तोच. तू पैसे मोजून ती खोली घेतलीस आणि मग तिचं दार लावून टाकलंस.

आणखी एक. डेमोत गिटार आहे, बेस आहे. ज्या किकसाठी तू जीव टाकतोस तिचा निम्मा खर्ज बेस गिटारचा आहे. दोघं नेमके एकाच क्षणी पडतात म्हणून तुला एक वाटतात. ती किक एकटी काढून ऐकवली तर तू तिलाही नावं ठेवशील.

आता मला सांग, सगळ्यात साधी परीक्षा का नाही केलीस? लायब्ररीबरोबर वादकांनी वाजवलेले ग्रूव्ह दिलेले आहेत. त्यातला एक उचलायचा, तोच प्रीसेट लावायचा, एकही नॉब न हलवता ऐकायचं. आवाज डेमोच्या जवळ गेला, तर दोष तुझ्या हातात. नाही गेला, तर त्यांच्या मिश्रणात डेमोसाठी बाहेरून काहीतरी घातलंय. पाच मिनिटांचं काम. ते टाळून तू रात्री जाळल्यास, कारण प्रीसेट बदलणं सोपं आहे आणि आपला हात तपासणं जड जातं.

आणि डेमोशी तंतोतंत जुळवायचा हट्ट सोड. एकच ठोका पुन्हा वाजला की लायब्ररी मुद्दाम त्याचं वेगळं सॅम्पल काढते, नाहीतर लागोपाठचे ठोके यंत्रासारखे लागतात. म्हणजे ज्यानं तो डेमो बनवला त्यानं तीच फाइल उद्या पुन्हा वाजवली, तरी लाट लाटेवर बसणार नाही. जे बनवणाऱ्यालाही जमत नाही ते तू विकत मागतोयस.

इथवर ड्रमसेटचं झालं. हे एकवेळ मी समजून घेतो, ड्रमसेट तुझ्या घरात नव्हता. तबल्याचं काय? कथकच्या एका बसवणुकीसाठी तू तबल्याची लायब्ररी घेतलीस आणि तिचाही डेमो जुळत नाही म्हणून रडतोस. सांगलीहून विशारद होऊन आलेला मुलगा तू! तुझ्या सेशनमध्ये तबला काळी पाचचा आहे आणि तो तू यंत्रानं तीन अर्धस्वर वर खेचून काळी एकला नेलायस. डेमोतला तबला काळी एकचाच होता, लहान तोंडाचा, टिपेचा. मैफिलीत गायिका काळी एकला गाणार असेल तर तबलजी ढाला तबला खेचत बसतो का? तो दुसरा तबला काढतो. कारण पुडी, शाई, खोड हे सगळं त्या स्वरासाठी बनलेलं असतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलं की आपल्या तालवाद्यांच्या कातड्यावर जो भार चढवलेला असतो त्यामुळे वरचे स्वरांश मूळ स्वराच्या पटीत येतात. सामान्य ढोलाच्या कातड्यात ते तसे येत नाहीत. शाईचे थर दगडानं घोटून घोटून जे साधलं जातं, ते एक बटण सरकवून कसं साधेल? तू स्वर खेचलास तेव्हा त्याच्याबरोबर खोडाची घुमारी आणि बोटाचा आघातही खेचला गेला. म्हणून तुझा 'ना' पत्र्याच्या डब्यासारखा लागतोय. यात लायब्ररीनं काय खोटं सांगितलं?

बायाँचं तर विचारूच नकोस. डेमोत 'गे' वाजल्यावर मनगट शाईकडं सरकतं आणि स्वर वर चढतो. कधी सावकाश, कधी झटक्यात, कधी अर्ध्यातच सोडून दिलेला. तो चढ वादकानं वाजवताना केलेला आहे. तुझ्या किबोर्डला पिच व्हील आहे, त्याला तू हातही लावला नाहीस. 'गे' पडतो आणि जिथल्या तिथं मरतो.

आणि हे कुठं बसून चाललंय? लखनौत. मोदू खाँ आणि बक्शू खाँ दिल्लीहून नवाबांच्या या शहरात आले आणि कथकच्या साथीत राहून तबल्याची चाल इथं बदलली. दिल्लीचा बाज दोन बोटांचा, चाटेवरचा, मिटलेला. इथं हात उघडला, लव बोलू लागली, पंजा आणि थाप आली, पखवाजाचं वजन आलं. तुझ्या लायब्ररीत 'ना' साठी दोन वेगळ्या कळा दिल्यात, एक चाटेचा आणि एक लवेचा. हे बघितलंस का? डेमोतला वादक उघड्या हाताचा आहे, तो लवेवर वाजवतो. तू सगळीकडं चाटेचा 'ना' लावलास. पहिल्या आवर्तनातच कळायला हवं होतं. तुला कळलं नाही, कारण तू आवाजाचं नाव ऐकत होतास, आवाज नाही.

कैसरबागेत परीखान्याच्या इमारतीवरून तू रोज ये-जा करतोस. तिथली संस्था म्हणजे पूर्वीचं मॅरिस कॉलेज. ते १९२६ साली काढणारे भातखंडे वाळकेश्वरचे, मराठी. पेशानं वकील. त्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार खंड मराठीत लिहिले. त्याआधी गावोगावच्या उस्तादांपुढं बसून त्यांनी बंदिशी मिळवल्या, ऐकलेलं स्वरांत उतरवून घेतलं, एकाचं दुसऱ्याशी ताडून बघितलं. पटलं नाही तर तेही कारणासकट लिहिलं. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर या संस्थेचे प्राचार्य होते. बेळगावकडच्या बैलहोंगलचा के. जी. गिंडे हा पोरगा १९३६च्या सुमारास इथं येऊन रातंजनकरांच्या घरी राहिला आणि कान तयार करत मोठा झाला. अहमदजान थिरकवाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वाजवून आपल्या मराठी रसिकांचे लाडके झाले. पुढं याच संस्थेत त्यांनी शिकवलं आणि १९७६ साली याच शहरात देह ठेवला. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं काढ. माइक साधा, आवाज खरखरीत, रिव्हर्ब नाही, कॉम्प्रेसर नाही. तरी चार मात्रांत हात ओळखू येतो. तुझ्याकडं शेकडो जीबी आहेत आणि तुझा हात कुणाला ओळखू येईल?

मला राग लायब्ररी घेतल्याचा नाही. घे. कथकच्या मुली गावोगाव नाचायला जातात, तिथं तबलजी नेणं परवडत नाही. अशा वेळी हे साधन कामाचं आहे आणि ते नीट वापरणारा माणूस मला हवाय, म्हणून तर तुला शिकवतोय. राग याचा आहे की गुरूसमोर बसून जो तबला शिकलास तो किबोर्डसमोर बसताना घरी ठेवून येतोस.

विक्रेते सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असंही मी म्हणत नाही. काहीजण डेमोवर बाहेरचे कॉम्प्रेसर, इक्यू, टेपचा परिणाम चढवतात आणि तसं कुठंही लिहीत नाहीत. प्रीसेट जसाच्या तसा वाजवलाय असं लिहायचं आणि मागं आणखी पाच यंत्रं जोडायची, हे मात्र खोटं आहे आणि त्याबद्दल जाब विचारलाच पाहिजे. त्या वेळी मी स्वतः तुझ्या पत्रावर सही करीन. पण त्या पत्रात कुठला ग्रूव्ह, कुठला प्रीसेट, कुठली आवृत्ती, दोन्ही फाइल एका पातळीवर आणून जोडलेल्या, आणि कितव्या सेकंदाला काय वेगळं ऐकू येतं एवढं असलं पाहिजे. त्यात शिवी नको. असं पत्र मिळालं की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. तुझं आत्ताचं पत्र तो केराच्या टोपलीत टाकील, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

आता काम सांगतो. रूम आणि ओव्हरहेडचे चॅनल सुरू कर. कॉम्प्युटर अडखळला तर बफर वाढव, नाहीतर ट्रॅक फ्रीझ कर, पण चॅनल बंद करायचे नाहीत. डेमोची पातळी खाली आणून तुझ्या पातळीला बसव. दिलेला ग्रूव्ह लाव आणि मला बोलाव. त्यानंतर स्नेअरची ओळ पुसून टाक आणि हातानं पुन्हा वाजव, प्रत्येक ठोक्याचा जोर कानानं ठरवून. 'सगळं निवडा' हे बटण दाबलेलं दिसलं तर त्या दिवशी तास नाही.

आणि ती तबल्याची फाइल तशीच ठेव, तिला आत्ता हात लावू नकोस. तुझा स्वतःचा काळी एकचा तबला होस्टेलवर कपाटात पडलाय ना? उद्या सकाळी तो घेऊन ये, हातोडीही आण. गठ्ठे ठोकून, गजरा सारखा करून सगळ्या घरांत स्वर एक लागेपर्यंत मी माइक लावणार नाही. मग कायद्याचं एक आवर्तन, विलंबित, उघड्या हातानं. ते मुद्रित करू, लायब्ररीच्या शेजारी ठेवू, आणि दोन्हींत काय फरक आहे ते तू मला तोंडी सांगायचंस. यायची वेळ सात. सव्वासातला दार बंद असेल.